आजोबांची दुनळी कपाटामागून निघाली, आता काय?

आमची दादरची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा पंधरा दिवसांत साठ वर्षांचा संसार खाली उतरवायचा होता. पितळी घंगाळ निघालं, पाटा-वरवंटा निघाला आणि बाबांच्या कपाटामागून जुन्या धोतरात गुंडाळलेली आजोबांची दुनळी निघाली. बंदूक घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवगडच्या बागेत माकडं आणि रानडुकरं हाकायला आजोबांनी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती घेतली होती, पुढे परवाना बाबांच्या नावावर झाला. पण बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि त्या गडबडीत बंदुकीकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

घरात लगेच दोन पक्ष पडले. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, दुरुस्त करून घेऊ. चालती झाली पाहिजे." वहिनीचं म्हणणं, "कशाला? नळी बुजवून भिंतीवर लावू, नाहीतर छान लॅम्प होईल." दोघांच्याही मोबाईलवर आपापल्या बाजूचे व्हिडिओ तयार होते. गंमत म्हणजे दोघंही जे सुचवत होते ते जसंच्या तसं केलं असतं, तर किमान सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा झाला असता.

तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच घरांत हाच प्रश्न पाहिला. त्यातून जे शिकलो ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

पहिलं काम: ती भरलेली आहे का?

काडतुसाची बंदूक असेल आणि ती कशी उघडायची हे माहीत असेल, तर किल्ली सरकवून नळ्या खाली पाडायच्या आणि काडतूस बसतं ते घर रिकामं आहे का ते डोळ्यांनी बघायचं. उघडत नसेल तर जोर लावायचा नाही. चाप ओढून "बघू या" तर अजिबात नाही. नळीचं तोंड कायम अशा दिशेला, जिथे माणूस नाही आणि पलीकडे शेजाऱ्यांची पातळ भिंतही नाही. मुंबईत अशी दिशा शोधणं हेच एक काम आहे.

खरा धोका ठासणीच्या बंदुकीत असतो. ती तोंडाकडून भरतात, त्यामुळे आत बार, म्हणजे ठासलेली दारू आणि छर्रे, आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. पूर्वी रात्री-अपरात्री डुक्कर आलं तर हाताशी असावी म्हणून बंदूक भरूनच ठेवायचे, आणि ती तशीच राहून जायची. काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास-शंभर वर्षांनीही पेटते. तपासायची साधी रीत अशी: एक सरळ, बारीक लाकडी काठी नळीत अलगद सोडायची, थांबेल तिथे तोंडाशी पेन्सिलीने खूण करायची. मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून बघायची. काठीचं टोक नळीच्या मागच्या टोकाशी, जिथे बार पेटवणारी टोपी बसते त्या निप्पलाच्या आसपास पोचायला हवं. दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. कदाचित कुंभारमाशीचं मातीचं घर असेल, कदाचित बार. ते काय आहे हे शोधणं तुमचं काम नाही. गज घालून उकरू नका, लोखंडी सळई तर नकोच. बंदूक आहे तिथे ठेवा, खोली बंद करा आणि पोलिसांना फोन करा.

सोबत डब्यात जुनी काडतुसं, टोप्या, दारू सापडली तरी हेच. ती कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाहीत, माहीमच्या खाडीतही नाहीत.

दुसरं: ती कुणाच्या नावावर आहे?

परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नसतो. परवानाधारक वारला की त्याच्या घरात पडून असलेली बंदूक विनापरवाना होते, मग ती तीन पिढ्यांची असो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या 21 व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं आहे. आमचे तीन महिने म्हणजे उशीरच होता. ठाण्यातल्या साहेबांनी तो ऐकवलाही, पण मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना हातात होता म्हणून निभावलं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: पहिल्या खेपेला बंदूक घेऊन जाऊ नका. परवाना संपलेली बंदूक टॅक्सीच्या डिकीत घालून निघालात आणि वाटेत नाकाबंदी लागली, तर खुलासा करायला फार उशीर झालेला असतो. आधी कागद, फोटो आणि लेखी अर्ज घेऊन जा, अर्जावर पोच घ्या आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा. जमा करताना पावतीवर कंपनीचं नाव, नंबर, बोअर (नळीचं माप) आणि अवस्था लिहून घ्या. "एक जुनी बंदूक" एवढ्यावर सही करू नका. विक्रेत्याकडे ठेवलीत तर महिन्याचं भाडं पडतं, पण पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीपेक्षा तिथे ती पावसाळ्यात बरी राहते.

मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा. मुंबईत परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, त्यांचं कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोर. जिल्ह्यात हेच काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. त्यामुळे गावचा परवाना असलेली बंदूक मुंबईत आणायची असेल तर दोन्हीकडची परवानगी नीट लागली पाहिजे, "गावाला चालतं" हे इथे चालत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे. मृत्यूनंतर तर आहेच, पण परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, तर ती त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे करता येते. घरात असे काका असतील तर त्यांच्याकडे आजच विषय काढा. बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र लागतं, आणि आमच्या घरात खरा वेळ त्यातच गेला. पुण्याची आत्या म्हणाली, "मला बंदूक नको, पण विचारलं कसं नाही?" यात पाच महिने.

लक्षात ठेवायची अजून एक गोष्ट: 2019 पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते.

"पण आमची तर पुरातन वस्तू आहे" असं प्रत्येक जण म्हणतो. कायद्याच्या 45 व्या कलमात सूट आहे, पण तिचे शब्द नीट वाचा. जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. घोडा मोडलेली दुनळी यात बसत नाही, कारण घोडा नवा बसतो. 2020 च्या फेब्रुवारीत नियम थोडे सैल झाले: क्युरिओ, म्हणजे संग्रहातली जुनी चीज, या वर्गात मोडणारं शस्त्र बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही, मात्र ते वापरायला, बरोबर घेऊन फिरायला किंवा हलवायला लागतो. पण आपली बंदूक क्युरिओ आहे हे आपण ठरवून चालत नाही. बाजारात ज्याची काडतुसं सहज मिळतात अशी बारा बोअर असेल, तर ती साधी बंदूकच समजून चला. लेखी उत्तर हातात येईपर्यंत या सुटीवर विसंबू नका. आणि .303 किंवा 9 मिलिमीटरसारखं काही निघालं तर ते प्रतिबंधित बोअर. तिथे शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. हा लेख बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा.

तिसरं: ती आहे तरी काय?

यात मजा आहे. आधी बार कसा पेटतो ते बघा. तोड्याची, म्हणजे जळती वात दारूला लावणारी, चकमकीची, टोपीची, आणि काडतुसाची. पहिल्या दोन्हींपैकी काही तुमच्या घरी निघालं, तर पुढचं वाचण्याआधी एखाद्या संग्रहालयातल्या जाणकाराला फोटो पाठवा.

काडतुसाची असेल तर नळ्यांच्या मधल्या पट्टीवर नाव असतं. ते बनवणाऱ्याचंच असेल असं नाही, बऱ्याचदा विकणाऱ्याचं असतं. काळा घोड्याची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आपण येता-जाता बघतो. ती मूळची ज्या सोसायटीच्या दुकानाची, ती दुसऱ्यांनी बनवलेल्या बंदुका स्वतःच्या नावाने विकत असे. त्यामुळे नावापेक्षा बोलके असतात ते नळ्यांच्या मागच्या सपाट भागावरचे, नळ्या सुट्या केल्यावरच दिसणारे बारीक ठसे. इंग्लंडात लंडन आणि बर्मिंगहॅम इथे प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून तपासायचे आणि मग ठसा मारायचे. "नॉट फॉर बॉल" असा ठसा असेल तर बंदूक साधारण 1875 ते 1887 या काळातली. "नायट्रो प्रूफ" असं असेल तर ती आजच्या धूररहित दारूसाठी तपासलेली होती. हा ठसा नसणं ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. खाली त्याकडे येतो.

ठसे वाचायला खरवडायचं नाही. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवी धरा, सावलीत अक्षरं उठतात. मोबाईलने वीस-पंचवीस फोटो काढा. नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनवलेली. आमच्या दुनळीवर गंजाच्या पापुद्र्याखाली ती दिसली तेव्हा भाऊ गप्पच झाला.

चालती करायची का?

भावनेचा भाग बाजूला ठेवून चार गोष्टी बघा. नळ्या दमास्कस आहेत किंवा नायट्रोचा ठसा नाही, तर आजचं काडतूस त्यात घालायचं नाही, बस. ती नळी काळ्या दारूच्या दाबासाठी बनली. वरून चकचकीत दिसली तरी पट्ट्यांच्या जोडांत आतून गंज गेलेला असू शकतो, आणि नळी फुटते ती बरोबर डाव्या हाताच्या बोटांपाशी. दुसरं, जुन्या इंग्लिश बारा बोअरची घरं बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरची असतात. आजचं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, पण उडताना उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसतं म्हणजे चालतं असं नाही.

तिसरी परीक्षा मला एका म्हाताऱ्या कारागिराने दाखवली. नळ्या सुट्या करून त्याने खालच्या हुकात दोरा अडकवला, हवेत लोंबत्या धरल्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. चांगल्या नळ्या देवळातल्या लहान घंटेसारख्या वाजतात, आवाज रेंगाळतो. आमच्या वाजल्या त्या फुटक्या मडक्यासारख्या: ठप्प. "मधली पट्टी सुटलीय," तो म्हणाला, "झाळण निघालंय, आत ओल गेलीय." मग नळ्या बसवून त्याने बंदूक खिडकीच्या उजेडात धरली. नळी आणि मागच्या तोंडाच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती, तीही दिसायला नको. दोन मिनिटांत निकाल लागला.

चौथी गोष्ट साधी आहे, म्हणून कुणी विचारत नाही: उडवणार कुठे? शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली. दादरला माकडं नाहीत, आंब्याची बाग चुलतभावाकडे गेली. वर्षातून एकदा रेंजवर जाण्यासाठी शंभर वर्षांची नळी पणाला लावायची असेल, तर त्यापेक्षा रेंजवरचीच बंदूक वापरा.

ठसा आहे, नळ्या घंटेसारख्या वाजतात, आतून आरशासारख्या आहेत, आणि घरात खरोखर कुणी नेमबाज आहे, तर जरूर चालती करा. मात्र ती परवानाधारक कारागिराकडूनच. परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हाही शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षं ते जन्मठेप. लेथवाला ओळखीचा आहे, एवढ्याने भागत नाही.

लॅम्प, शोकेस, भिंत

आता वहिनीची बाजू. नळी कापणं हाही त्याच कलमाखालचा गुन्हा. भोक पाडायचं किंवा नळी बुजवायची, तर त्यालाही आधी परवाना शाखेची लेखी संमती आणि परवानाधारक कारागीर हवा. शिवाय कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच धरले जातात, त्यामुळे दुनळीच्या नळीवर बल्ब बसवला म्हणून ती बंदुकीची नळी राहत नाही असं नाही. तो लॅम्प उद्या विकायला काढलात की परवाना विचारणारा माणूस दारात येईल.

कायदा सोडला तरी हा माझा आवडीचा पर्याय नाही. भोक पाडलेली दुनळी बंदूक म्हणून मेलेली असते आणि वस्तू म्हणून निम्मी. पण काही घरांत तोच शहाणपणाचा मार्ग असतो: लहान मुलं आहेत, परवाना घ्यायला कुणी तयार नाही, घरात कुणाला नैराश्याचा त्रास आहे. अशा घरात बंदूक नसलेली बरी. मग ती परवाना असलेल्या माणसाला विक्रेत्यामार्फत विकून टाका किंवा पोलिसांकडे कायमची द्या. देण्याआधी चांगले फोटो काढून घ्या. माझ्या मित्राने बंदूक दिली आणि आजोबांचा हातात बंदूक घेतलेला फोटो, 1950 च्या दशकातला मूळ परवाना आणि नळीवरच्या ठशांचे मोठे फोटो एका फ्रेममध्ये लावले. मी पाहिलेल्या कुठल्याही लॅम्पपेक्षा ते देखणं आहे.

संग्रहालयाचा पर्याय सगळ्यांना सुचतो. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे आणि कलावस्तू संवर्धनाचं केंद्रही. पण साधी बारा बोअर दुनळी त्यांनी का घ्यावी? तोड्याची बंदूक असेल, तिच्यावर सोन्या-चांदीचं काम असेल किंवा इतिहासातल्या माणसाशी कागदोपत्री संबंध असेल, तर जरूर विचारा. आणि न्यू जर्सीच्या भाच्याला पाठवायचा विचार असेल, तर शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिची खासगी निर्यात होत नाही.

काही न करण्याची मेहनत

आम्ही निवडला तो तिसरा मार्ग: आहे तशी ठेवायची, फक्त गंज थांबवायचा.

तांब्याच्या भांड्याला कल्हई गेली की आपण पुन्हा करून घेतो, ती पुन्हा करण्यासाठीच असते. बंदुकीच्या नळीचा काळा-तपकिरी रंग म्हणजे कल्हई नव्हे. तो एकदाच असतो, आणि त्याखाली ठसे, नाव, नंबर कोरलेले असतात. माझ्या चुलतभावाने त्याची ठासणीची बंदूक मुंबईतल्या एका पॉलिशवाल्याकडे दिली. चार दिवसांनी ती स्टीलच्या ताटासारखी चकाकत आली आणि नंबर बफिंगच्या चाकाखाली गायब. नंबर घालवणं हा शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमाखाली गुन्हा, आणि नंबर नसलेली बंदूक कुणाला विकताही येत नाही. दोन वर्षं तो खुलासे देत फिरला.

परवाना तुमच्या नावावर होऊन बंदूक घरी आली की एवढंच करा. नारिंगी, बोटाला भुकटी लागणारा गंज जिवंत असतो, तो काढायचा. गडद, घट्ट, गुळगुळीत तपकिरी थर तसाच ठेवायचा. शिवणयंत्राचं तेल थेंब थेंब लावून रात्रभर मुरू द्या, सकाळी बांबूच्या दातकोरणीने पापुद्रा अलगद उचला, जुन्या सुती बनियनने पुसा. पुन्हा तेल, पुन्हा रात्र. आमच्या एका नळीला नऊ रात्री लागल्या. सँडपेपर, तारेचा ब्रश, व्हिनेगर, चिंच, लिंबू, पितळ घासायची पेस्ट यातलं काही नाही. आजोबा खोबरेल लावायचे. त्याचा कोपऱ्याकोपऱ्यांत चिकट तपकिरी थर बसला होता, गुळाच्या काकवीसारखा. तो मिनरल टर्पेंटाइनने सुटला, पण फक्त धातूवर, लाकडाला लागू न देता. वनस्पती तेल पुन्हा लावू नका. दस्त्यावर वॉर्निशही नको, कोरड्या फडक्याने पुसा. मूठ चिरली असेल तर कारागिराकडे न्या. शेवटी धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. मेण लावल्यावर उघड्या बोटांनी धरायचं नाही, सुती हातमोजे घालायचे. मुंबईचा घाम पोलादावर दोन दिवसांत ठसा उमटवतो.

ठेवायची कशी? चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पेटीत नाही, दोन्ही ओल धरून बसतात. कुलपाच्या लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न चिकटवता, काडतुसांपासून वेगळी, आणि तोंड खाली करून. तेल उताराने खाली येतं, तोंड वर असेल तर ते दस्त्याच्या सांध्यात मुरून लाकूड मऊ करतं. आमच्या कपाटाशेजारी समुद्राकडची खिडकी होती, ती जागा पहिल्याच पावसाळ्यात बदलली.

दसऱ्याचं तेवढं सांगायला हवं. खंडेनवमीला आई बंदुकीवर थेट हळद-कुंकू वाहायची, झेंडूची ओली माळ घालायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं कोरडं पुसून ठेवायची. टॉर्चच्या आडव्या उजेडात नळीवर बोटाच्या पेराएवढे सात-आठ गंजाचे डाग दिसतात, एका ओळीत, सारख्या अंतरावर. ते मी काढले नाहीत, वर मेण लावून तसेच ठेवलेत. आता पूजेच्या वेळी बंदूक कोरड्या कापडावर असते, हळद-कुंकू आणि फुलं तिच्यापुढच्या ताम्हनात. आईने पहिल्या वर्षी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या वर्षी तिनेच हातमोजे मागितले.

कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या आहेत, निळे दाणे असलेल्या. जून ते सप्टेंबर दर रविवारी बघतो. दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घेतो. ती कढई वेगळी ठेवली आहे, वहिनीने तिच्यावर रंगाने फुली मारली आहे.